शोकाकडे हिशेब मागणारे

२३ सप्टेंबर २०२३ रोजी पॅरिसच्या वेशीवरील स्ताद द फ्रान्स या मैदानात रग्बी विश्वचषकाच्या सामन्यात आयर्लंडने दक्षिण आफ्रिकेला १३-८ असे हरविले, आणि हिरव्या पोशाखातील हजारो आयरिश प्रेक्षकांनी 'झॉम्बी' हे गाणे एका आवाजात म्हटले. 'द क्रॅनबेरीज' या लिमरिकच्या रॉक बँडचे हे गाणे तेव्हा एकोणतीस वर्षांचे झाले होते, आणि ते लिहिणारी व गाणारी डोलोरेस ओ'रिऑर्डन जाऊन पाच वर्षे उलटली होती. विजयाच्या रात्री लोकांनी काय गावे, याची उठाठेव एरवी कोणी करीत नाही. या वेळी ती झाली. उत्तर आयर्लंडमधील राष्ट्रवादी मंडळींपैकी अनेकांचे म्हणणे पडले की, ब्रिटिश सैन्याच्या गस्तीखाली ज्यांनी आयुष्य काढले त्यांना हे गाणे मेंदू नासलेली प्रेते ठरविते. आणि संबंध बेटाचा म्हणविणारा संघ जिंकल्यावर दक्षिणेतल्या सुखवस्तू प्रेक्षकांनी ते गावे, हे जखमेवर मीठ चोळणे आहे. त्यावर दुसऱ्या बाजूचे उत्तर असे की, छे, हे तर शांततेचे गाणे. त्यात राजकारण कुठून आले?

आमचे भांडण दोघांशीही आहे, पण ते सारख्या तोलाचे नाही. पहिल्या पक्षाच्या म्हणण्यात भांडावे असे काही आहे. दुसऱ्याने गाणे नीट ऐकलेलेच नाही. 'झॉम्बी' हे राजकीय गाणे आहे, आणि त्याचे राजकारण एका अगदी नेमक्या जागी आहे. त्या जागेकडे निंदकांनी आणि स्तावकांनी सारखीच पाठ फिरविली आहे, अशी आमची तक्रार आहे.

आधी घटना. २० मार्च १९९३, शनिवार. दुसऱ्या दिवशी ब्रिटनमध्ये मातृदिन होता. उत्तर इंग्लंडातील वॉरिंग्टन या गावी ब्रिज स्ट्रीटवर खरेदीची गर्दी असताना लागोपाठ दोन बॉम्ब फुटले. ते ओतीव लोखंडाच्या कचरापेट्यांत ठेवले होते. स्फोटासरशी त्या पेट्यांच्याच ठिकऱ्या उडाल्या आणि माणसांच्या अंगात घुसल्या. तीन वर्षांचा जोनाथन बॉल त्या दिवशीच गेला. बारा वर्षांचा टिम पॅरी २५ मार्चला गेला. पन्नासहून अधिक माणसे जखमी झाली. जबाबदारी प्रोव्हिजनल आयरिश रिपब्लिकन आर्मीने, म्हणजे आय.आर.ए.ने, स्वीकारली.

क्रॅनबेरीजचा पहिला अल्बम त्याच महिन्यात निघालेला होता, आणि डोलोरेस एकवीस वर्षांची होती. नोएल होगनने गिटारवर चाल रचावी आणि तिने त्यावर शब्द व गळा चढवावा, ही या बँडची एरवीची रीत. हे गाणे मात्र तिने एकटीने केले. आधी ते साध्या गिटारवर बसले. पुढे लिमरिकबाहेरच्या तालमीच्या खोलीत तिने इलेक्ट्रिक गिटार हाती घेतली, ध्रुपदाला आवाज फाटेल अशी खरखर त्यात सोडली आणि फर्गल लॉलरला ड्रम जोरात बडवायला सांगितले. चारच स्वरमेळ पाच मिनिटे फिरत राहतात आणि कोठेच विसावत नाहीत. कडव्यात आवाज जवळजवळ कुजबुजीवर असतो. ध्रुपदात तो गळ्याच्या आत तुटतो, पुन्हा जुळतो, पुन्हा तुटतो. आधी हळू आणि मग एकदम कर्कश हा घाट त्या काळच्या अमेरिकन रॉकमध्ये घरोघर झाला होता, तेव्हा क्रॅनबेरीजने वारा पाहून पाठ फिरविली असे कोणी म्हटले तर आम्ही फारसे हरकत घेणार नाही. पण तो तुटणारा गळा अमेरिकेतून आलेला नव्हता. आयर्लंडच्या खेड्यांत प्रेताभोवती बसून बायका जो विलाप गात, आणि जो पाद्र्यांनी हळूहळू बंद पाडला, त्याची आठवण तो करून देतो. या विलापाकडे आम्हाला पुन्हा यायचे आहे.

'लिंगर' आणि 'ड्रीम्स' या मऊसूत गाण्यांवर बँडचे नाव झालेले. आयलंड या ध्वनिमुद्रण कंपनीला हा रणकंदनाचा सूर एकेरी गाणे म्हणून पुढे आणणे रुचेना. बँडचे व्यवस्थापक ॲलन कोव्हॅक यांनी डोलोरेसच्या मृत्यूनंतर सांगितले की, दुसरे गाणे निवडण्यासाठी कंपनीने तिला दहा लाख डॉलरचा चेक देऊ केला आणि तिने तो फाडून टाकला. कथा फार गोंडस आहे, आणि व्यवस्थापकांच्या आठवणींवर आम्ही सहसा घर बांधत नाही. पण कंपनीला गाणे नको होते एवढे धरून चालायला हरकत नसावी. असो. सप्टेंबर १९९४मध्ये ते निघाले. ३१ ऑगस्टला आय.आर.ए.ने शस्त्रसंधी जाहीर केली होती, त्यामुळे गाणे बाजारात आले तेव्हा बंदुका नुकत्याच गप्प झालेल्या होत्या. ऑस्ट्रेलिया, जर्मनी, फ्रान्स येथे ते पहिल्या क्रमांकावर गेले. ब्रिटनमध्ये चौदाव्यापर्यंतच चढले. १९९५मध्ये एमटीव्हीच्या युरोपीय पारितोषिकांत ते वर्षाचे सर्वोत्तम गाणे ठरले. आपल्याकडेही नव्वदीच्या दशकात ते उपग्रह वाहिन्यांवरून पोचले. अंगभर सोनेरी रंग माखून क्रुसापुढे उभी असलेली ती बाई पुष्कळांना आठवत असेल.

आता आक्षेप. तो त्याच्या सर्वांत बळकट रूपातच मांडला पाहिजे, नाहीतर त्याला उत्तर देण्यात अर्थ नाही.

ज्या २५ मार्चला टिम पॅरी गेला, त्याच दिवशी उत्तर आयर्लंडमधील कॅसलरॉक येथे कामावर आलेल्या चार माणसांना ब्रिटिश सत्तेशी निष्ठा सांगणाऱ्या सशस्त्र टोळीने गोळ्या घातल्या, आणि त्याच दिवशी बेलफास्टमध्ये सतरा वर्षांचा एक कॅथलिक मुलगा मारला गेला. त्यांच्यावर गाणे झाले नाही. ३० जानेवारी १९७२ रोजी डेरी शहरात ब्रिटिश पॅराशूट रेजिमेंटने नागरी हक्कांच्या मोर्चावर गोळीबार केला. तेरा माणसे तेथेच मेली, एक पुढे मेला. त्यावर पॉल मॅकार्टनीने गाणे केले तर बी.बी.सी.ने त्यावर बंदी घातली. बर्मिंगहॅमच्या स्फोटांसाठी सहा निरपराध आयरिश माणसे तुरुंगात सडत होती. १९८८मध्ये त्यांच्यावर 'द पोग्ज' या बँडने गाणे केले, तर तेही ब्रिटिश प्रक्षेपणातून हद्दपार झाले. (त्यांची शिक्षा १९९१मध्ये रद्द झाली, गाण्याला कोणी भरपाई दिल्याचे ऐकिवात नाही.) त्याच १९८८पासून १९९४पर्यंत शिन फेन पक्षाच्या नेत्यांचा प्रत्यक्ष आवाज ऐकवायला ब्रिटिश वाहिन्यांना मनाई होती, पडद्यावर ओठ नेत्याचे हलत आणि आवाज भाडोत्री नटाचा येई. अशा काळात जे गाणे आय.आर.ए.ला झोडपते तेच जगभर वाजते आणि पारितोषिके मिळविते, याचा अर्थ काय? आक्षेपक म्हणतात, अर्थ उघड आहे: सत्तेला सोयीचा शोक तेवढा गाजतो.

यातला प्रत्येक तपशील खरा आहे आणि निष्कर्ष मात्र गाण्याच्या गळ्यात बांधता येत नाही. मॅकार्टनी आणि पोग्ज यांची मुस्कटदाबी करणारे हात लिमरिकच्या मुलीचे नव्हते. शिवाय बी.बी.सी.ने 'झॉम्बी'चाही मूळ व्हिडिओ दाखविला नाही. बंदुकांशी खेळणारी पोरे काढून टाकून बँड वाजविताना दिसेल अशी दृश्ये त्यात भरण्यात आली. सॅम्युएल बायर या दिग्दर्शकाने तो व्हिडिओ बेलफास्टमध्ये जाऊन केला होता, आणि त्यातले सैनिक ब्रिटिश आहेत, भिंतींआडून गस्त घालणारे, हत्यारबंद. ब्रिटिश सत्ता या गाण्यात अदृश्य आहे असे म्हणणाऱ्यांनी तो पुन्हा पाहावा. किंबहुना व्हिडिओचीही गरज नाही. ध्रुपदात शस्त्रांची जी यादी येते तिच्यात रणगाडे आहेत. आय.आर.ए.कडे रणगाडे कुठले? १९७२च्या जुलैत रस्त्यांवरचे अडथळे पाडण्यासाठी रणगाड्यांवरून घडविलेली अवजड वाहने डेरीत आणली ती ब्रिटिश सैन्याने. गाणे एकतर्फी आहे हा आरोप तीस वर्षे फिरतो आहे, आणि एवढा एक शब्द त्याच्या वाटेत उभा असल्याचे फारसे कोणाच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

पण समजा, रणगाडे नसते. समजा, गाणे केवळ वॉरिंग्टनचे आणि केवळ आय.आर.ए.विरुद्ध असते. तरी काय बिघडले असते? येथेच आमचा मूळ मुद्दा सुरू होतो.

आक्षेपकांना सर्वांत झोंबते ती या गाण्यातील एक छोटीशी जागा, जेथे गाणारी सांगते की हे करणारी मी नाही आणि माझे घरचेही नाहीत. यात त्यांना हात झटकणे दिसते: लिमरिकमध्ये बसून, उत्तरेकडे पाठ करून, आमचा काही संबंध नाही म्हणणे. दक्षिणेत असा कोडगेपणा होता, हे आम्ही नाकारीत नाही. पण या जागेचा अर्थ लावायचा तर समोरचा पक्ष काय दावा करीत होता हे आधी पाहिले पाहिजे. आय.आर.ए. स्वतःला डेरी-बेलफास्टच्या गल्ल्यांतील बचावपथक एवढेच म्हणवीत नव्हती. तिच्या मते संबंध आयर्लंडचे एकमेव कायदेशीर सरकार तीच होती. १९२१ साली निवडलेल्या आयरिश प्रतिनिधिगृहाच्या उरल्यासुरल्या सदस्यांनी १९३८मध्ये आपले अधिकार आय.आर.ए.च्या सैन्यमंडळाकडे सोपविले; १९६९च्या फुटीनंतर त्यांच्यापैकी हयात असलेले टॉम मॅग्वायर यांनी प्रोव्हिजनल शाखेला मान्यता दिली; आणि तो वारसा वॉरिंग्टनच्या कचरापेटीपर्यंत आला. मधल्या सत्तर वर्षांत दक्षिणेत ज्या निवडणुका झाल्या त्या या हिशेबात शून्य. म्हणजे १९७१ साली लिमरिकजवळच्या बॅलिब्रिकन येथे जन्मलेल्या एका मुलीचे सरकार, तिला न विचारता, तिच्या नावाने, इंग्लंडमधल्या एका बाजारपेठेत तीन वर्षांचे पोर मारीत होते.

अशा वेळी 'मी नाही' म्हणणे हे हात झटकणे कसे? ते नाव काढून घेणे आहे. ज्याने मुखत्यारपत्र दिलेच नव्हते त्याने ते चारचौघांत नाकारणे आहे. आय.आर.ए. आपले प्रतिनिधित्व करीत नाही, हे डोलोरेसने मुलाखतींतूनही वारंवार सांगितले. वॉरिंग्टननंतर आठवड्याभरात डब्लिनच्या रस्त्यावर हजारो माणसे जमली तीही हेच सांगायला. उत्तरेतल्या माणसाला हा नकार परकेपणाचा वाटला तर ते आम्ही समजू शकतो. पण त्याच्या दुःखाची नोंद घ्यायची म्हणून दक्षिणेतल्या माणसाने दुसऱ्याच्या खुनावर आपली सही तशीच राहू द्यावी, ही मागणी आम्हाला मान्य नाही.

मग झॉम्बी कोण? आक्षेपक गृहीत धरतात की तो शब्द उत्तरेतल्या लढवय्यांना उद्देशून आहे. तसे वाचता येते, आणि तसे वाचले की युद्ध केवळ डोक्यात चालते, बाहेर त्याला काही कारणच नाही, असा उथळ अर्थ निघतो. गाण्याची ही बाजू लंगडी आहे, हे मान्य करूनच पुढे जाऊ. डेरीतली बेकारी, घरवाटपातला पक्षपात, खटल्याविना तुरुंगवास यांतले काही या गाण्याला ठाऊक नाही. पण गाण्यात एक साल येते, १९१६. त्या एका सालाने शब्दाचा रोख बदलतो. त्या वर्षीच्या ईस्टरच्या उठावात जो जाहीरनामा वाचला गेला तो देवाच्या आणि गतकाळच्या मृत पिढ्यांच्या नावाने आयर्लंडला हाक घालतो. मेलेल्यांनी जिवंतांना आज्ञा द्यावी, ही त्या राजकारणाची मांडणीच होती, आणि आय.आर.ए.ने आपला अधिकार त्याच मेलेल्यांकडून घेतला होता. मातीत निजू न दिलेले, पुन्हा पुन्हा उठवून कामाला लावलेले मृत, हा झॉम्बी या शब्दाचा जुना अर्थ इथे तंतोतंत बसतो. आमच्या मते तो शब्द त्या मृतांसाठी आहे, आणि त्यांना राबविणाऱ्यांसाठी.

१९१६चे नाव घेतले हाच काहींना मोठा अपराध वाटतो. तो उठाव पवित्र आणि वॉरिंग्टन पाशवी. दोहोंना एका दावणीला बांधणे म्हणजे अज्ञान. आम्ही या पावित्र्याबद्दल एवढेच विचारतो: त्या आठवड्यात डब्लिनमध्ये किती मुले मेली? जो डफी या आयरिश प्रसारकाने नोंदी धुंडाळून २०१५मध्ये पुस्तक काढले, तेव्हा सोळा वर्षांपर्यंतच्या चाळीस मुलांची नावे समोर आली. काही ब्रिटिश गोळ्यांनी मेली, काही दोन्हींकडच्या गोळीबारात सापडली. शंभर वर्षे हुतात्म्यांची स्मारके उभी राहिली आणि ही पोरे जवळजवळ कोणाच्याच हिशेबात नव्हती. डोलोरेसला ही यादी १९९३मध्ये ठाऊक असणे शक्यच नव्हते. तरी मेलेल्या पोरापासून १९१६पर्यंत तिने जी रेघ ओढली ती चुकीच्या जागी गेली नाही. आणि तिला इतिहासाची जाण नव्हती म्हणणाऱ्यांनी तो अल्बम पुढे वाजू द्यावा: त्याच तबकडीवर कवी येट्सच्या थडग्यावर तिने केलेले गाणे आहे. त्या येट्सने तर १९१६वरच्या आपल्या कवितेतच, हुतात्म्यांची नावे घेत असताना, हे मरण अनाठायी तर नव्हते ना अशी शंका विचारून ठेवली होती. येट्सला शंका शोभते आणि लिमरिकच्या पोरीला शोभत नाही, असे तर नाही ना?

राहिला प्रश्न कॅसलरॉकचा. त्यांच्यावर का नाही? या प्रश्नाला उत्तर विलापाच्या रीतीत आहे. १७७३मध्ये कॉर्क परगण्यात आर्ट ओ'लिअरी मारला गेला, आणि त्याची विधवा आयलीन दुव नी कॉनेल हिने त्याच्यावर रचलेला विलाप आयरिश भाषेतले थोर काव्य मानला जातो. त्या सालात आयर्लंडमध्ये अन्यायाने मेलेला तो काही एकटा नव्हता. तिने बाकीच्यांची यादी का दिली नाही, असे तिला कोणी विचारल्याचे आम्ही ऐकलेले नाही. विलाप एका देहापाशी बसतो. सर्व मृतांची मोजदाद हे इतिहासकाराचे, आयोगाचे, न्यायालयाचे काम आहे, आणि उत्तर आयर्लंडमध्ये साडेतीन हजारांवर मृतांसाठी ते काम आजही अर्धवट पडले आहे. ते पार पाडण्याची ज्यांची जबाबदारी होती त्यांनी ती टाळली. म्हणून आता थकबाकीची वसुली पाच मिनिटांच्या गाण्याकडून चालली आहे. आपल्याकडे बांधिलकीच्या नावाखाली कवितेची अशीच झडती घेणारे समीक्षक होऊन गेले, तेव्हा हा रोग मराठी वाचकाला अनोळखी नाही. अमुक दुःखावर लिहिलेस, तमुकावर का नाही? हा प्रश्न विचारणाऱ्याला तमुक दुःखाचीही फारशी फिकीर नसते, असा आमचा अनुभव आहे.

आणि स्तावक? त्यांनी गाण्याचे अधिक नुकसान केले. 'शांततेचे गाणे' असा शिक्का मारला की त्यातून वॉरिंग्टन जाते, १९१६ जाते, तो नकारही जातो. उरते ती एक सर्वांना सोयीची हळहळ. जानेवारी २०१८मध्ये 'बॅड वुल्व्ह्ज' या अमेरिकन बँडच्या आवृत्तीसाठी डोलोरेस गाणार होती. त्याआधीच १५ जानेवारीला लंडनच्या एका हॉटेलात ती मरण पावली. त्या बँडने उत्पन्नातून तिच्या मुलांना मदत केली, हे चांगलेच झाले. पण त्यांनी गाण्यात १९१६ काढून २०१८ घातले आणि बॉम्बच्या जोडीला ड्रोन आणले. साल बदलले की मृत पिढ्यांची ती साखळी तुटते आणि झॉम्बी हा चित्रपटातला भुताचा प्रकार होऊन बसतो. कोणालाही खटकले नाही. गाणे पुन्हा गाजले. मैदानावरही तेच. तेथे गाजते ते ध्रुपद. पोर गमावलेल्या आईची कडवी ऐंशी हजारांच्या गर्दीत कोण म्हणणार? गर्दीने गावे याला आमची हरकत नाही, गर्दीला बंदी करणाऱ्यांशी तर मुळीच जमणार नाही. पण त्या ध्रुपदाच्या बळावर हे आमचे राष्ट्रीय ऐक्याचे गीत, असे म्हणणाऱ्याने ते गाणे कोणत्या राष्ट्राच्या नावाने चाललेल्या खुनाला नकार देते, हे एकदा वाचावे.

गाण्यात वॉरिंग्टनचे नाव नाही, मुलांची नावे नाहीत, आय.आर.ए.चेही नाही. टिमचे वडील कॉलिन पॅरी यांनी मुलाच्या मृत्यूनंतर शांततेसाठी संस्था उभारली, वॉरिंग्टनमध्ये तिचे केंद्र बांधले, आणि तरी पंचवीस वर्षे हे गाणे आपल्या मुलासाठी आहे हे त्यांना माहीत नव्हते. डोलोरेस गेल्यावर ते त्यांना कळले. त्यांनी घरी लॅपटॉपवर ते लावले आणि शब्द लक्ष देऊन ऐकले.